रंगांची पेटी : चित्रकार बेंजामिन वेस्ट याचें अल्पचरित्र

लंडन शहरांतील सेंट पॉल या सुप्रसिद्ध मंदिराच्या तळघरांत अनेक थोर पुरुष चिरनिद्रा घेत आहेत. त्यांत एक समाधि अशा गृहस्थाची आहे कीं, ज्याचा जन्म इंग्लंडांत झाला नाहीं, ज्याचें शालेय शिक्षण बेताचेंच झालें, आणि ज्याच्या हातीं बालपणीं चित्रकाराचा खरा कुंचलाहि नव्हता. हाच मुलगा पुढें इंग्लंडच्या राजाचा चित्रकार झाला व तेथील रॉयल अॅकॅडमी या कलासंस्थेचें अध्यक्षपद त्यानें सुमारें सत्तावीस वर्षें भूषविलें. त्याचें नांव बेंजामिन वेस्ट. त्याच्या चरित्रांत राजे, सेनापति व युद्धें पुष्कळ येतात. परंतु त्या सर्वांच्या मुळाशीं एक लहानशी वस्तु आहे. ती म्हणजे एका नातलगानें त्याला बालपणीं पाठविलेली रंगांची पेटी. आईबापांनीं व मुलांनीं दोघांनींहि वाचावी अशी ही कथा असल्यामुळें ती येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बेंजामिनचा जन्म १० ऑक्टोबर १७३८ रोजीं उत्तर अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत, फिलाडेल्फिया शहराजवळच्या स्प्रिंगफील्ड नांवाच्या वस्तींत झाला. तो प्रांत त्या वेळीं इंग्रजांची वसाहत होता. संयुक्त संस्थानांच्या स्वातंत्र्याची घोषणा होण्यास अद्याप अडतीस वर्षें अवकाश होता. ज्या घरांत तो जन्मला तें दगडी घर आजहि स्वार्थमोर येथील महाविद्यालयाच्या आवारांत उभें आहे. बापाचें नांव जॉन व आईचें सारा. बाप वाटसरूंसाठीं खानावळ चालवीत असे. बेंजामिन हें या दांपत्याचें दहावें अपत्य होय. एवढ्या मोठ्या कुटुंबांत दहाव्या मुलाच्या छंदाकडे लक्ष देण्यास कोणाला सवड असणार?

त्यांतून भोवतालचा समाज बहुतेक क्वेकर पंथाचा. हे लोक सत्यप्रिय, उद्योगी व युद्धाचा तिटकारा करणारे. परंतु त्यांची राहणी अत्यंत साधी असे. भडक वस्त्रें, गाणें-बजावणें, भिंतीवरील चित्रें यांकडे ते निरर्थक डामडौल म्हणून पाहात. अशा ठिकाणीं चित्रकार निपजावा, हें खडकावर रोप उगवण्यासारखेंच होतें.

वेस्टच्या बालपणाची हकीकत त्यानें स्वतः म्हातारपणीं जॉन गॉल्ट नामक लेखकास सांगितली आणि गॉल्टनें ती १८१६ सालीं चरित्ररूपानें प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांमागच्या आठवणींवर कल्पनेची थोडीशी झिलई चढली असणें साहजिक आहे व अलीकडील इतिहासकार ती तितक्याच बेतानें घेतात. तरी पण मनुष्याला जन्मभर काय आठवत राहिलें, हेंहि त्याच्या चरित्राचें एक अंगच असतें.

बेंजामिन सुमारें सात वर्षांचा असतांना त्याची विवाहित बहीण आपल्या तान्ह्या मुलीसह माहेरीं आली होती. एके दिवशीं मुलगी पाळण्यांत झोंपली असतां आई व बहीण फुलें तोडण्यासाठीं बागेंत गेल्या, आणि मुलीवरील माशा वारण्याचें काम बेंजामिनवर सोंपवून गेल्या. थोड्या वेळानें ती मुलगी झोंपेंतच हंसली. तें हंसूं पाहून मुलाला काय वाटलें कोण जाणे. जवळच्या मेजावर लेखणी, कागद आणि काळी व तांबडी शाई होती, तीं घेऊन तो तिचें चित्र काढूं लागला. आई परत येतांच त्यानें भीतभीत कागद लपविला. आईनें तो मागून घेतला व त्यांतील मुखडा ओळखला. तिनें रागें न भरतां त्याला जवळ घेऊन त्याचा मुका घेतला. त्या मुक्यानेंच आपणांस चित्रकार बनविलें, असें वेस्ट पुढें नेहमीं सांगत असे.

यानंतर फावल्या वेळीं लेखणी व शाई घेऊन चित्रें काढण्याची त्याला परवानगी मिळाली. पण काळ्या रेघांनीं त्याचें समाधान होईना. एका उन्हाळ्यांत त्या देशाचे मूळचे रहिवासी आपल्या वार्षिक फेरीस स्प्रिंगफील्डला आले. मुलानें काढलेले पक्षी व फुलें पाहून त्यांना कौतुक वाटलें. ते आपलीं आभूषणें ज्या तांबड्या व पिवळ्या मातीनें रंगवीत, ती माती तयार करण्याची रीत त्यांनीं त्याला शिकविली. आईनें घरांतील निळीचा एक खडा त्यांत घातला. अशा रीतीनें तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग त्याच्या हातीं आले. पहिले गुरु म्हणून वेस्टनें या लोकांची आठवण वृद्धपणींहि कृतज्ञतेनें ठेविली, हें त्याला भूषणावह आहे.

रंग मिळाले, पण कुंचला कोठें होता? कोणी शेजाऱ्यानें सांगितलें कीं, चित्रकार उंटाच्या केसांचा कुंचला वापरतात. (वास्तविक उंटाच्या केसांचा म्हणून जो कुंचला विकला जातो, तो बहुधा खारीच्या शेपटीच्या केसांचा असतो.) स्प्रिंगफील्डमध्यें उंट नव्हता; परंतु घरांत मांजर होती. बेंजामिननें कातरीनें तिच्या शेपटीच्या टोंकाचे केस कापले, ते पिसाच्या नळींत बसविले आणि कुंचला तयार केला. असले कुंचले लवकर झिजत. मग पुनः मांजरीकडे धांव घ्यावी लागे. शेपटीचे केस संपले तेव्हां पाठीची पाळी आली. आपल्या आवडत्या मांजरीला कांहीं रोग जडला असावा, अशी काळजी बाप करूं लागला, तेव्हां मुलानें खरा प्रकार कबूल केला. बापानें शब्दानें थोडा दोष दिला असेल. पण त्या कबुलीनें तो मनांत प्रसन्नच झाला.

या गोष्टीला वाचक हंसतील. पण तिच्यांत दुःखाचाहि एक अंश आहे. ज्या मुलाच्या बोटांत एवढी ओढ होती, त्याची निम्मी शक्ति हत्यार तयार करण्यांतच खर्च होत होती. मातीचा रंग कागदावरून झडे, मांजरीचे केस हव्या त्या जागीं टेंकत नसत, आणि मनांत दिसलेली रेघ कागदावर उतरेपर्यंत भलतीच होऊन बसे. अशा वेळीं मूल काय समजतें? साधन वाईट आहे असें तें समजत नाहीं. आपल्यालाच येत नाहीं, असें तें समजतें.

सुदैवानें याच सुमारास फिलाडेल्फियाचे व्यापारी पेनिंग्टन हे वेस्टच्या घरीं पाहुणे आले. ते या कुटुंबाचे नातलग असून स्वतः कडक क्वेकर होते. खोलीच्या भिंतींवर पशुपक्ष्यांचीं चित्रें टांगलेलीं पाहून त्यांना नवल वाटलें. तीं कोणी व कशानें काढलीं याची त्यांनीं चौकशी केली आणि शहरीं परतल्यावर मुलासाठीं एक पेटी पाठविली. तींत रंग, तेल व कुंचले होते. शिवाय रंग लावण्यास तयार केलेले कापडाचे कांहीं फलक व सहा कोरीव चित्रांचे छाप होते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पेनिंग्टन यांना चित्रकलेचा नाद नव्हता व त्यांच्या पंथाला ती फारशी मान्य नव्हती. पोराला खेळावयास चार आण्यांची वस्तु धाडून त्यांना कर्तव्य उरकतां आलें असतें. परंतु त्यांनीं जें पाठविलें तें खेळणें नव्हतें. धंद्यांतील चित्रकार वापरतो तेंच खरें साहित्य होतें.

त्या काळीं आजच्यासारख्या रंगांच्या नळ्या नव्हत्या. तेलांत घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहानशा पिशवींत बांधून ठेवीत व टोंचून बाहेर काढीत. कथिलाची दाबण्याजोगी नळी १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें प्रथम काढली. म्हणून अठराव्या शतकांतील एका खेड्यांत अशी सर्वसाहित्ययुक्त पेटी येणें ही अपूर्वच गोष्ट होती.

पेटी उघडतांच बेंजामिनला देहभान राहिलें नाहीं. त्या दिवशीं त्यानें ती क्षणभरहि दृष्टीआड होऊं दिली नाहीं. रात्रीं ती बिछान्याजवळच्या खुर्चीवर ठेवून तो निजला. परंतु मधूनमधून जागा होऊन तो हात लांबवी व पेटी खरोखरच तेथें आहे ना, हें चांचपून पाही. उजाडतांच ती घेऊन तो माळ्यावर गेला, फलक मांडला, रंग काढले आणि कामास लागला. जेवणापुरता तो खालीं येई व पुनः वर जाई. शाळेस जाण्याच्या मिषानें घरांतून निघून तो गुपचूप माळा गांठी. असे कित्येक दिवस गेले. शेवटीं मुलगा शाळेंत कां येत नाहीं, अशी मास्तरांकडून विचारणा झाली, तेव्हां आई मुलाच्या शोधार्थ माळ्यावर गेली.

या ठिकाणीं त्या मुलाचें सारें भवितव्य तराजूंत होतें. त्याचा अपराध उघड होता. शाळा चुकविणें ही गोष्ट कोणत्याहि काळीं स्तुत्य नव्हे. आईनें पेटी काढून घेतली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु तिची दृष्टि प्रथम फलकावर गेली. मुलानें छापील चित्राची केवळ नक्कल केली नव्हती. दोन निरनिराळ्या छापांतील आकृति घेऊन त्यानें एक नवेंच चित्र रचिलें होतें, आणि छाप काळेपांढरे असल्यामुळें त्यांतील सर्व रंगयोजना त्याच्या स्वतःच्या मनाची होती. आईचा राग मावळला. तिनें त्याचा मुका घेतला, व बापाकडे आणि मास्तरांकडे त्याच्यासाठीं रदबदली करण्याचें वचन दिलें. फलकाचा अर्धाच भाग रंगवून झाला होता. पण आणखी हात लावल्यास बिघडेल म्हणून तो पुरा करण्यासहि तिनें त्यास मनाई केली. तें अर्धवट चित्र वेस्टनें जन्मभर जपून ठेविलें व सदुसष्ट वर्षांनंतर गॉल्टनें तें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें.

थोड्याच दिवसांनीं पेनिंग्टन पुनः आले व मुलाला फिलाडेल्फियास घेऊन गेले. तेथें विल्यम विल्यम्स नांवाच्या चित्रकाराशीं त्याची गांठ पडली. विल्यम्सनें त्याला आपलीं चित्रें दाखविलीं आणि चित्रकलेवरील ग्रंथ वाचावयास दिले. पुढें तारुण्याच्या आरंभीं वेस्ट आसपासच्या गांवीं लोकांच्या तसबिरी काढूं लागला. लँकेस्टर येथील विल्यम हेन्री नामक बंदुका करणाऱ्या कारागिरानें त्याला सुचविलें कीं, नुसते चेहरे काढण्यापेक्षां इतिहासांतील थोर प्रसंग रंगवावे. आणि सुमारें १७५६ सालीं वेस्टनें सॉक्रेटिसाच्या मृत्यूचें चित्र काढिलें. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम स्मिथ यांनीं त्याच्या अभ्यासाकडे लक्ष पुरविलें. १७६० सालीं फिलाडेल्फियांतील धनिकांच्या साहाय्यानें तो इटलीस गेला, तीन वर्षें त्यानें रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस इत्यादि नगरांत जुन्या आचार्यांच्या कृतींचा अभ्यास केला, आणि १७६३ सालीं तो लंडनला आला. मायदेशीं तो पुनः कधींच गेला नाहीं.

लंडनमध्यें त्याचा भाग्योदय लवकर झाला. राजा तिसरा जॉर्ज याची त्याच्यावर मर्जी बसली. १७६८ सालीं रॉयल अॅकॅडमी स्थापन झाली तेव्हां तो तिच्या संस्थापक सभासदांपैकीं एक होता; १७७२ सालीं राजाचा ऐतिहासिक चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र म्हणजे सेनापति वुल्फचा मृत्यु. १७५९ च्या क्वेबेकच्या लढाईंत पडलेल्या या वीराचें चित्र त्यानें १७७० सालीं रंगविलें आणि पुढील वर्षीं तें प्रदर्शनांत मांडलें. वीरपुरुषांना प्राचीन रोमन वेषांत दाखविण्याचा त्या काळीं प्रघात होता. वेस्टनें शिपायांना त्यांचा स्वतःचा लष्करी पोषाख दिला. पुष्कळांनीं प्रथम नाकें मुरडलीं. परंतु लोकांना चित्र फार आवडलें व पुढील चित्रकारांनीं तोच मार्ग धरिला. तें चित्र आज कॅनडांतील ओटावा येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे.

आपल्या देशाशींहि या चित्रकाराचा एका परीनें संबंध आहे. १७६५ सालीं अलाहाबाद येथें बादशहा शाहआलम यानें क्लाईव्हला बंगालची दिवाणी दिली, त्या प्रसंगाचें भव्य चित्र वेस्टनें काढिलें आहे. तो हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. चित्रांत राजवाड्याचा थाट दिसतो. प्रत्यक्षांत तो समारंभ क्लाईव्हच्या तंबूंत झाला, व मेजावर खुर्ची ठेवून तिलाच सिंहासनाचें रूप दिलें होतें. चांगला रंग खोट्या गोष्टीलाहि शोभा आणतो, हें चित्र पाहणारानें विसरूं नये.

वेस्टचा मोठेपणा त्याच्या चित्रांपेक्षांहि त्याच्या दारांत अधिक दिसून आला. अमेरिकेहून जो कोणी तरुण रंगाची हौस घेऊन लंडनास येई, त्याला वेस्टच्या चित्रशाळेचें दार मोकळें असे. चार्ल्स विल्सन पील, गिल्बर्ट स्टुअर्ट, जॉन ट्रंबुल, वॉशिंग्टन ऑल्स्टन, थॉमस सली हे सर्व त्याच्या हाताखालीं शिकले. आगबोटीमुळें प्रसिद्धीस आलेला रॉबर्ट फुल्टन व तारायंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स हे दोघेहि प्रथम चित्रकलेचे विद्यार्थी म्हणूनच त्याच्याकडे आले होते. पेनिंग्टन यांच्याकडून जें मिळालें, तें वेस्टनें अशा रीतीनें शतपट परत केलें.

फिलाडेल्फियाच्या रुग्णालयानें मदत मागितली तेव्हां ख्रिस्त मंदिरांत रोग्यांना बरे करीत आहे, असें एक मोठें चित्र त्यानें त्या संस्थेसाठीं काढिलें. तें १८११ सालीं लंडनमध्येंच तीन हजार गिनींना विकलें गेलें. परंतु दिलेला शब्द न मोडतां त्यानें त्याच विषयाचें दुसरें चित्र रंगवून पाठविलें. तें १८१७ सालीं तेथें पोंचलें, आणि तें पाहावयास येणाऱ्यांकडून मिळालेल्या पैशानें रुग्णालयास चांगला हातभार लागला.

एवढ्यावरून हा मनुष्य कधीं चुकलाच नाहीं, असें कोणी समजूं नये. १७९५ च्या अखेरीस प्रोव्हिस नांवाचा एक गृहस्थ व त्याची कन्या वेस्टकडे आलीं. व्हेनिसच्या जुन्या चित्रकारांच्या रंगांचें रहस्य एका हस्तलिखितांत आपणांस सांपडलें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या वेळीं वेस्ट अॅकॅडमीचा अध्यक्ष होता. तो या भूलथापेस बळी पडला. त्याच्या मागोमाग इतर कलावंतांनींहि दहा दहा गिनी मोजून तें रहस्य विकत घेतलें. १७९७ च्या प्रदर्शनांत त्या पद्धतीचीं चित्रें लागलीं, तों तीं निस्तेज व काळवंडलेलीं दिसलीं. त्या कृतींत जो प्रशियन निळा रंग सांगितला होता, तो अठराव्या शतकाच्या आरंभीं शोधला गेलेला. आणि महान् व्हेनिसकर टिशन तर १५७६ सालींच वारला होता! व्यंगचित्रकार गिलरे यानें या फजितीवर चित्र काढून सर्व लंडनला हंसविलें. बालपणीं चांगल्या रंगांचा महिमा ज्याला कळला, त्यालाच म्हातारपणीं असें वाटलें कीं, रंगांच्या डबींत प्रतिभाहि विकत मिळते.

त्याच्या घरांतच याचें दुसरें उदाहरण होतें. त्याचा वडील मुलगा राफाएल याला जन्मापासून उत्तम रंग, उत्तम कुंचले व स्वतः वेस्टसारखा गुरु लाभला. तो चित्रकारहि झाला. परंतु पित्याची कीर्ति त्याला मिळाली नाहीं. साधन हें दार उघडतें. आंत जाणें ज्याचें त्यालाच करावें लागतें.

११ मार्च १८२० रोजीं वेस्टचा अंत झाला. पुढें अभिरुचि पालटली व त्याच्या पुष्कळ मोठ्या चित्रांचें तेज लोकांच्या दृष्टीनें ओसरलें. तरी एका खेड्यांतील मूल, एक समजूतदार आई आणि एक दिलदार नातलग यांची गोष्ट मात्र अद्याप ताजी आहे.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपल्या घरोघरीं मुलांना रंग दिले जातात. पण ते बहुधा स्वस्तांतले स्वस्त असतात, आणि कोणी चांगली पेटी भेट दिलीच तर ती खराब होईल म्हणून कपाटांत कुलूपबंद राहते. हलक्या रंगांत रंगद्रव्य थोडें व खडूसारखी भर फार असते. त्यामुळें पिवळा व निळा मिसळला तर हिरव्याऐवजीं मळकट चिखल होतो. पातळ कागद पाणी लागतांच फुगतो व फाटतो. कुंचल्याचे केस चित्रावर गळून पडतात. मूल दोन दिवसांत कंटाळतें, आणि आपल्या मुलास कलेची आवड नाहीं असा निकाल आपण देऊन टाकतों.

यासाठीं मोठा खर्च नको. चोवीस रंगांच्या हलक्या पेटीपेक्षां तांबडा, पिवळा, निळा व पांढरा असे चारच चांगले रंग, टोंक धरणारा एक कुंचला, आणि थोडे जाड कागद पुरे आहेत. पूर्वीच्या रंगांत शिसें व पारा यांसारखीं विषें असत. म्हणून मुलांसाठीं घेतलेला रंग निर्विष आहे, एवढें मात्र पाहून घ्यावें. मग घरांतील एक कोपरा, एक जुनें फडकें व थोडा वेळ मुलाच्या स्वाधीन करावा, आणि डाग पडले तर रागावूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठींहि एक शब्द आहे. बेंजामिनचें शाळा चुकविणें तेवढें अनुकरणीय मानूं नका. पेटी येण्यापूर्वीं त्यानें मातीनें व मांजरीच्या केसांनीं चित्रें काढलीं होतीं, म्हणूनच पेनिंग्टन यांचें लक्ष त्या भिंतीकडे गेलें. जवळ असेल त्या साधनानें आरंभ करा. आणि उद्यां तुम्ही मोठे व्हाल, चार पैसे तुमच्या हातीं येतील, तेव्हां कोणा लहानग्याच्या भिंतीकडे पाहावयास विसरूं नका.